गिरणी कामगारांसाठी विसावा मागणारे नारायण मेघाजी लोखंडे

मुंबईच्या परळ भागात १८८४ च्या सप्टेंबर महिन्यात, तीन दिवसांच्या अंतराने, गिरणी कामगारांच्या दोन सभा भरल्या. या सभांमधून एक निवेदन तयार झाले आणि सुमारे ५,५०० कामगारांनी त्यावर सह्या केल्या. निवेदनात पाच मागण्या होत्या. दर रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा. पाचवी मागणी अपघातांविषयी होती. काम करताना जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या चरितार्थाची काही तरतूद केली जावी, असे तीत म्हटले होते.

या सभा बोलावणारे आणि निवेदन तयार करणारे गृहस्थ होते नारायण मेघाजी लोखंडे. त्या वेळी त्यांचे वय ३६ वर्षांचे होते. 'दीनबंधु' या साप्ताहिकाचे ते संपादक होते आणि काही काळ त्यांनी स्वतः एका कापड गिरणीत नोकरी केलेली होती. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचे नाव आज घेतले जाते आणि रविवारच्या सुट्टीचे श्रेयही त्यांना दिले जाते. मात्र कारखान्यातील आरोग्य आणि सुरक्षितता यांविषयीचे नियम या देशात कसे घडत गेले, या प्रश्नाशी त्यांचे आयुष्य किती निकट जोडलेले होते, याची चर्चा त्या मानाने कमी होते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाणे येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर गावचे. परिस्थिती बेताची असल्याने त्यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. रेल्वे आणि टपाल खात्यात काही काळ काम केल्यानंतर ते मांडवी मिलमध्ये भांडारपाल म्हणून रुजू झाले. गिरणीच्या कोठारात बसणाऱ्या माणसाला सर्व खात्यांतील माणसे भेटतात. कोणत्या खात्यात कोणता सुटा भाग वारंवार लागतो, कोणाची मजुरी कापली गेली, कोण कामावर यायचा बंद झाला, हे सगळे त्याच्या कानी येत असते. पुढे त्यांनी केलेल्या मागण्यांमध्ये जो नेमकेपणा दिसतो त्याचे मूळ बहुधा या नोकरीत असावे.

त्या काळच्या गिरणीचे स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय या मागण्यांचे मोल कळत नाही. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. त्यानंतरच्या तीन दशकांत ताडदेव, भायखळा, परळ या परिसरात धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसे पोटासाठी मुंबईत येऊ लागली. गिरणीच्या एका बाजूस वाफेचे इंजिन असे. त्याची शक्ती छताजवळून जाणाऱ्या लांब दांड्यांवर आणि तेथून चामड्याच्या पट्ट्यांनी खालच्या प्रत्येक यंत्रापर्यंत पोचविली जाई. हे पट्टे, दातेरी चाके आणि दांडे बहुतेक ठिकाणी उघडेच असत. सैल धोतराचे टोक, लुगड्याचा पदर किंवा तुटलेला धागा जोडायला पुढे गेलेला हात पट्ट्यात सापडला तर इंजिन थांबेपर्यंत काहीही करता येत नसे. पिंजण खात्यात कापसाच्या तंतूंनी हवा दाटलेली असे, तर साचे खात्यात इतका आवाज असे की शेजारच्या माणसाशी खुणांनीच बोलावे लागे.

कामाचे तास सूर्यावर अवलंबून असत. दिवाबत्तीची सोय पुरेशी नसल्याने उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत गिरणी चाले. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबे आणि हिवाळ्यात तो काहीसा आखूड होई. कामगारांपैकी बहुतेकांकडे घड्याळ नसे. भोंगा चुकला तर खाडा पडेल या भीतीने माणसे पहाटेच्या अंधारातच गिरणीच्या दाराशी येऊन थांबत. आठवड्याच्या सुट्टीचा ठराविक दिवस नव्हता. यंत्रे साफ करण्यासाठी गिरणी अधूनमधून थांबे, पण त्या दिवशीही कामगारांना साफसफाईसाठी हजर राहावे लागे. पगार महिन्याचा असे आणि तोही पुढचा महिना बराच सरल्यावर मिळे. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर किंवा सावकाराच्या कर्जावर काढावे लागत. पगाराची तारीख ठरवून मागण्यामागे हा उधारीचा फेरा होता.

लोखंडे यांच्या आधी या विषयाकडे कोणाचे लक्ष गेलेच नव्हते, असे मात्र नाही. बंगालमध्ये शशिपद बॅनर्जी यांनी १८७० मध्येच कामगारांसाठी मंडळ स्थापन केले होते आणि १८७४ मध्ये 'भारत श्रमजीवी' हे नियतकालिक सुरू केले होते. मुंबईत पारशी समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कारखान्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा स्वतः तयार केला होता. तो त्या वेळी मंजूर झाला नाही, पण प्रश्न धसाला लागला. इंग्लंडमध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी तो संसदेपर्यंत नेला. अखेर व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८१ मध्ये भारताचा पहिला कारखाना कायदा मंजूर झाला.

हा कायदा अतिशय तोकडा होता. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. चहा, कॉफी आणि निळीचे मळे त्याच्या कक्षेबाहेर होते. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी करण्यात आली. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम, त्यात एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या ठरविण्यात आल्या. धोकादायक यंत्रांना कठडे घालणे आणि अपघातांची वर्दी देणे यांविषयीही कलमे होती. प्रौढ पुरुषांसाठी त्यात काही नव्हते आणि प्रौढ स्त्रियांसाठीही नव्हते. गिरणीतील हवा, पिण्याचे पाणी किंवा स्वच्छता यांचाही विचार झाला नव्हता. मुलांचे वय ठरवायला जन्माची नोंद नसल्याने डॉक्टर दात पाहून दाखला देत. लँकेशायरहून १८८२ मध्ये मुंबईत आलेले कारखाना निरीक्षक मीड-किंग यांनाही हा कायदा पुरेसा वाटला नाही.

लोखंडे यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी या अपुऱ्या कायद्याकडे पाठ फिरविली नाही. त्यात कामगारांसाठी आणखी काय बसविता येईल, याचा त्यांनी शोध घेतला. त्यासाठी लागणारी सामाजिक दृष्टी त्यांना महात्मा जोतीराव फुले यांच्या सहवासातून मिळाली होती. फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्या विचारांचे 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यातून सुरू केले. आर्थिक ओढग्रस्तीमुळे ते बंद पडले तेव्हा लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि १८८० पासून स्वतः चालविले. शेतकरी आणि कामगार यांच्या गाऱ्हाण्यांना नियमित जागा देणारे मराठी पत्र त्या काळी विरळाच होते. गिरणगावात ज्याला वाचता येई तो इतरांना वाचून दाखवी, त्यामुळे पत्राचा प्रभाव खपाच्या आकड्यापेक्षा मोठा असला पाहिजे.

गुरुशिष्यांचे हे नाते नेहमीच सुरळीत राहिले असे नाही. फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'मध्ये छापली गेली, पुढची छापण्याचे लोखंडे यांनी टाळले. सरकार आणि उच्चवर्णीय अधिकारी यांच्यावरील त्या ग्रंथातील टीका फार प्रखर होती. फुले यांनी संपादकाच्या या कचखाऊपणाबद्दल लेखी नाराजी नोंदवून ठेवली. चरित्रकारांना ही घटना अडचणीची वाटते, पण ती झाकण्याचे कारण नाही. लोखंडे यांचा पिंड बंडखोराचा नव्हता. सभा भरवावी, सह्या गोळा कराव्यात, अर्ज करावा, आयोगापुढे साक्षी घडवून आणाव्यात, ही त्यांची रीत होती. फुले यांना जी सावधगिरी खटकली, तीच सावधगिरी पुढे कारखाना आयोगाच्या कामात उपयोगी पडली, असे म्हणता येईल.

सप्टेंबर १८८४ च्या सभांना तात्कालिक निमित्त होते. मुंबई सरकारने कारखाना कायद्यात सुधारणा हवी की नको हे तपासण्यासाठी त्या वर्षी एक आयोग नेमला होता. आयोगापुढे गिरणीमालक बोलणार होते, अधिकारी आणि डॉक्टर बोलणार होते. ज्यांच्यासाठी कायदा करायचा त्यांच्या वतीने कोण बोलणार, हे ठरलेले नव्हते. लोखंडे यांनी ही जागा भरून काढली. बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन या नावाने त्यांनी कामगारांचे मंडळ उभे केले आणि ५,५०० सह्यांचे निवेदन आयोगाकडे पाठविले. या मंडळाला आजच्या अर्थाने कामगार संघटना म्हणणे कठीण आहे. त्याचे सभासद नोंदलेले नव्हते, निधी नव्हता, लेखी नियम नव्हते, आणि त्या काळच्या सरकारी अहवालातही हे नमूद आहे. पण कामगारांच्या नावाने लेखी मागण्या करणारी आणि त्यांच्या पाठीशी हजारो सह्या उभ्या करणारी अशी व्यवस्था मुंबईत त्यापूर्वी नव्हती.

या प्रयत्नांना केवळ मालकांचाच विरोध होता असे नव्हे, आणि लोखंडे यांची खरी कसोटी येथेच लागली. कारखाना कायद्याचा आग्रह इंग्लंडमध्ये ज्यांनी धरला त्यांत लँकेशायरचे कापड उत्पादक होते. भारतीय गिरण्यांना स्वस्त मजुरी आणि अमर्याद तास यांचा फायदा मिळतो, ही त्यांची तक्रार होती. कामगारांविषयीची कणव त्यात कितपत होती, याची शंका घेणे रास्त होते. पहिल्या कारखाना कायद्यानंतर वर्षभरातच, १८८२ मध्ये, इंग्लंडहून येणाऱ्या सुती कापडावरील आयात कर सरकारने काढून टाकला. त्यामुळे मँचेस्टरच्या दबावाखाली भारतीय उद्योग दडपला जात आहे, असा निष्कर्ष देशातील अनेक राष्ट्रीय विचारांच्या वृत्तपत्रांनी काढला आणि कामाच्या तासांवर मर्यादा घालण्यास कडाडून विरोध केला. नुकत्याच उभ्या राहिलेल्या देशी उद्योगाचे भवितव्य त्यांना महत्त्वाचे वाटत होते. नागपूरला जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली होती, अहमदाबाद आणि कानपूर येथेही गिरण्या वाढत होत्या. हा उद्योग आपल्या लोकांचा आहे, ही अभिमानाची भावना खोटी नव्हती.

अशा वातावरणात कामगारांसाठी कायदा मागणारा भारतीय माणूस परक्यांच्या हातचे बाहुले ठरण्याचा धोका होता. लोखंडे यांनी तो पत्करला. गिरणी देशी माणसाची आहे म्हणून तिच्या पट्ट्यात सापडलेल्या हाताची वेदना कमी होत नाही, हे त्यांना कोठारातील नोकरीपासून ठाऊक होते. लँकेशायरचा हेतू काहीही असला तरी सुट्टी आणि विश्रांती यांची गरज परळच्या माणसाची स्वतःची आहे, हे दाखवून देण्यासाठीच सह्यांची मोहीम आणि जाहीर सभा आवश्यक होत्या. राष्ट्रीय उद्योगाच्या हिताचा मुद्दा खरा असला, तरी त्याची सगळी किंमत कामगारानेच का मोजावी, या प्रश्नाला विरोधकांकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

आयोगाने १८८५ मध्ये काम पूर्ण केले, पण सरकारने पुढची काही वर्षे कायद्याला हात लावला नाही. या मधल्या काळात लोखंडे यांनी सभा, अर्ज आणि 'दीनबंधु'तील लेखन चालूच ठेवले. निर्णायक वर्ष ठरले १८९०. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात जर्मन सम्राटाच्या पुढाकाराने बर्लिनमध्ये कामगारविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्या शिफारशींचे पडसाद भारत सरकारच्या कारभारातही उमटू लागले. इकडे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथील रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. साप्ताहिक सुट्टीची मागणी तेथे पुन्हा करण्यात आली आणि दोन स्त्री कामगारांनीही सभेत भाषणे केली. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या बाईने एवढ्या जमावापुढे उभे राहून बोलणे ही लहान गोष्ट नव्हती.

महाराष्ट्रात रविवार हा खंडोबाचा वार मानला जातो. सुट्टीसाठी रविवारच मागण्यामागे या श्रद्धेचाही आधार घेतला गेला, असे आवर्जून सांगितले जाते. गिरणीमालकांच्या संघाने १० जून १८९० रोजी रविवारी गिरण्या बंद ठेवण्याचे मान्य केले. भारतात रविवारची सुट्टी त्या दिवशी सुरू झाली, असे विधान आता वारंवार केले जाते. ते तसेच्या तसे स्वीकारता येत नाही, कारण सरकारी कचेऱ्या त्यापूर्वीपासून रविवारी बंद असत. त्या दिवशी मिळाला तो मुंबईच्या गिरणी कामगाराचा रविवार. ज्याला आठवड्याचा कोणताही दिवस स्वतःचा म्हणता येत नव्हता, त्याच्यासाठी ती गोष्ट पुरेशी मोठी होती आणि तिला वाढवून सांगण्याची गरज नाही. आठवड्यातून एक दिवस उजेडात आपली खोली आणि मुले पाहायला मिळणे, गावाहून आलेल्या माणसाला भेटता येणे, अंग टाकून निजता येणे, एवढे त्यातून साधले.

मालकांनी दिलेली सुट्टी मालक परत घेऊ शकतात. म्हणून ती कायद्यात येणे गरजेचे होते. भारत सरकारने १८९० मध्ये सर्जन-मेजर लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली नवा कारखाना आयोग नेमला. सोराबजी बंगाली आयोगाचे सदस्य होते आणि मुंबईतील चौकशीपुरता लोखंडे यांचाही आयोगाच्या कामात समावेश करण्यात आला. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी बाहेरून निवेदन पाठविले होते, ते आता साक्षी घेणाऱ्यांच्या बाजूला बसले. कामगारांच्या प्रतिनिधीला कारखानाविषयक चौकशीत असे स्थान मिळण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

आयोगापुढील प्रश्न वाटतात तितके सरळ नव्हते. स्त्रियांचे तास कमी केले तर मालक त्यांच्या जागी पुरुष ठेवतील काय, हा त्यांतील एक. उक्त्या कामावर, म्हणजे जितके काम तितकी मजुरी या पद्धतीवर, राबणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने कमी झालेला तास म्हणजे कमी झालेली मजुरी होती. संरक्षणाच्या नियमाने संरक्षित व्यक्तीचीच रोजी जाऊ शकते, ही अडचण कायदे करणाऱ्यांना तेव्हापासून भेडसावत आली आहे.

आयोगाच्या शिफारशींनंतर १८९१ चा कारखाना कायदा मंजूर झाला आणि पुढील वर्षाच्या आरंभापासून तो अमलात आला. पन्नास किंवा अधिक माणसे असलेले कारखाने आता त्याच्या कक्षेत आले आणि वीस माणसांच्या कारखान्यांपर्यंत तो वाढविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. कामावर घेण्याच्या मुलांचे किमान वय सातवरून नऊ झाले, नऊ ते चौदा वयाच्या मुलांसाठी दिवसाला सात तासांची मर्यादा आली. स्त्रियांचे तास अकरा ठरले आणि त्यात दीड तासाची विश्रांती आली. सर्व कामगारांसाठी दुपारी अर्धा तास काम थांबविणे आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी देणे बंधनकारक झाले. हवा खेळती राहणे, स्वच्छता, पाणी या बाबतींत नियम करण्याचा अधिकारही प्रांतिक सरकारांना देण्यात आला. परळच्या निवेदनातील पहिल्या दोन मागण्या अशा रीतीने कायद्यात आल्या.

उरलेल्या तिन्ही मागण्यांना फार काळ थांबावे लागले. प्रौढ पुरुषांच्या तासांवर १८९१ च्या कायद्याने कोणतीच मर्यादा घातली नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि सूर्यास्त ही जी एक नैसर्गिक मर्यादा होती तीही उरली नाही. कामाचा दिवस पुन्हा लांबला. त्यानंतर आणखी दोन चौकश्या झाल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा प्रथम ठरली. अपघातग्रस्तांच्या भरपाईची मागणी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मान्य झाली, म्हणजे निवेदनानंतर ३९ वर्षांनी. दरम्यान ज्यांचे हात-पाय निकामी झाले त्यांचा चरितार्थ नातेवाइकांवर किंवा मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिला. वेळेवर पगाराचा कायदा १९३६ मध्ये झाला. त्यात ठरलेली मुदत, सातव्या किंवा दहाव्या दिवसापर्यंतची, लोखंडे यांनी मागितलेल्या पंधरा तारखेपेक्षाही अलीकडची होती.

लोखंडे यांचे कार्य गिरण्यांपुरते मर्यादित नव्हते. विधवांच्या केशवपनाच्या रूढीविरुद्ध त्यांनी मुंबईच्या नाभिकांना संघटित केले आणि १८९० मध्ये नाभिकांनी हे काम करण्यास नकार दिला. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली तेव्हा गिरणी वस्त्यांमध्ये सलोखा राखण्यासाठी ते झटले. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. ज्या सत्तेकडे अर्ज करीत आयुष्य गेले तिचाच किताब स्वीकारण्यात त्यांना विसंगती वाटली नसावी.

त्यांच्या अखेरच्या पर्वाला मुंबईतील प्लेगची पार्श्वभूमी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी या रोगाचे निदान केले. गोदी आणि धान्याची वखारे यांच्याजवळचा हा दाट वस्तीचा भाग होता. तेथून साथ पसरत गेली आणि गिरणगावातील चाळी तिच्या तडाख्यात सापडल्या. एकेका खोलीत अनेक माणसे, कोंदट हवा, तुंबलेली गटारे अशी या चाळींची स्थिती होती. कारखान्यांसाठी निदान कायदा तरी झाला होता, पण कारखान्याच्या दाराबाहेर कामगार कोणत्या खोलीत राहतो, याची दखल घेणारे परिणामकारक नियम नव्हते. माणसे शहर सोडून गावाकडे पळू लागली आणि गिरण्या ओस पडू लागल्या.

सरकारी रुग्णालयांविषयी लोकांच्या मनात धास्ती होती. रुग्णाला बळजबरीने घरातून नेतात, तेथे जातीपातीचे नियम पाळले जात नाहीत, नेलेला माणूस परत येत नाही, अशा बोलवा पसरल्या होत्या. त्यामुळे घरच्यांकडून रुग्ण लपविले जात आणि रोग आणखी फैलावे. लोखंडे यांनी या काळात मराठा हॉस्पिटल सुरू करण्यात पुढाकार घेतला. ज्या लोकांमध्ये ते वीस वर्षे वावरले होते, ते त्यांच्या शब्दावर विश्वासून रुग्ण तेथे आणतील, असा त्यामागचा हिशेब असावा. रुग्णांच्या सेवेसाठी ते स्वतः वस्त्यांमधून हिंडत होते.

साथ आटोक्यात आणण्यासाठी भारत सरकारने साथरोग कायदा केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी तो अमलात आला आणि घरांची झडती, रुग्णांचे विलगीकरण, प्रवाशांची तपासणी यांसाठी अधिकाऱ्यांना फार व्यापक अधिकार मिळाले. हाच कायदा पुढे शतकाहून अधिक काळ, अगदी २०२० च्या कोरोना साथीतही, या देशात वापरला गेला. कारखाना कायद्यासाठी सोळा वर्षे चर्चा, आयोग आणि साक्षी झाल्या, साथरोग कायदा मात्र अल्पावधीत मंजूर झाला. त्यातील कडक तरतुदींची अंमलबजावणी कशी होते, हे पाहणे लोखंडे यांच्या नशिबी नव्हते. रुग्णसेवा करता करता त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि कायदा अमलात आल्यानंतर पाच दिवसांनी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षाच्या आसपास त्यांचे निधन झाले.

महिनाभरानंतर, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले यांचाही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने मृत्यू झाला.